सातवा फर्मा

तिला सगळे भागूबाई म्हणायचे, आणि खरं सांगायचं तर ते नाव तिने स्वतःच्या हिमतीवर, म्हणजे हिंमत नसण्यावर, कमावलेलं होतं. कुत्रा, वीज, लिफ्ट, कुकरची शिट्टी, दारावरची अनोळखी थाप, घाबरायला काहीही चालायचं. फोन वाजला की आधी हात छातीवर जायचा, मग फोनवर. रस्ता ओलांडायचा तर नवऱ्याच्या बाहीला धरून. हे नाव पाडलं नणंदेने, म्हणजे आक्काने, लग्नाच्या दुसऱ्याच आठवड्यात, आणि तीस वर्षं झाली तरी ते तिला चिकटून होतं. "भित्यापाठी ब्रह्मराक्षस," आक्का म्हणायची, "आणि हिच्यापाठी तर त्याचं अख्खं खानदान!" भागूबाई हसायची. हसली नाही तर आक्का रागावेल, ही भीती होतीच.

पण तिची एक भीती खरी होती. तिची टिंगल आक्काही करत नसे.

भागूबाईचा नवरा बाइंडर होता, पुस्तकं बांधायचा. तळमजल्यावर दुकान, दुकानामागच्या दोन खोल्यांत आक्का, आणि लाकडी जिना चढून वर हे दोघं, असा सगळा पसारा. लहानपणी बाइंडरला सांध्यांचा ताप आला होता. त्या तापाने जाता जाता हृदयाची एक झडप कुरतडून ठेवली आणि त्याचा पत्ता लागायला चाळीस वर्षं गेली. सहा वर्षांपूर्वी छाती उघडून तिथे धातूची झडप बसवली. ती वाजायची. खरंच वाजायची! कटिंग मशीन थांबलं, रस्त्यावर जरा सामसूम झाली की त्याच्या शर्टाच्या आतून टिक्, टिक् ऐकू यायचं. नवं गिऱ्हाईक भिंतीवर घड्याळ शोधायचं. बाइंडर हसून म्हणायचा, "भिंतीवर नाही, इथे आहे. चावी द्यावी लागत नाही, फक्त रोज एक गोळी घालायची."

ती गोळी रक्त पातळ ठेवायची, जन्मभराची. घरी सोडताना इस्पितळातल्या बाईंनी एका दमात तीस-चाळीस सूचना सांगितल्या होत्या. त्यातली एकच भागूबाईच्या डोक्यात खिळ्यासारखी बसली: कापलं तर रक्त लवकर थांबणार नाही. बाकीच्या डोक्यावरून गेल्या. रक्त बाहेर जाऊ शकतं, हे तिला पक्कं कळलं. तेच रक्त आतल्या आत गोठूही शकतं, हेही त्या बाईंनी सांगितलं होतं; पण माणसाला एका वेळी किती घाबरता येईल, याला काही मर्यादा आहे की नाही?

मग तिने सपाटाच लावला. दाढीचा वस्तरा गेला, विजेवरचं यंत्र आलं. सायकल विकली. शिडीला कुलूप. दाभण आणि सुया तिच्या ताब्यात. कटिंग मशीनचं भलंमोठं पातं तो तीस वर्षं लोण्यातून सुरी फिरवावी तसं चालवत आला होता. ते आता ती चालवू लागली, डोळे अर्धे मिटून आणि ओठांत काहीतरी पुटपुटत. सोन्यासारखा कारागीर, पण बसला खळ ढवळत आणि पुठ्ठ्याला कापड चिकटवत. तो चिडायचाही. "मला काचेच्या कपाटात ठेव आणि दर रविवारी पुसून घे," म्हणायचा. ती म्हणायची, "ठेवलं असतं, कपाट मिळालं असतं तर."

एका गोष्टीला मात्र तिचा इलाज नव्हता. कागदाची धार. बाइंडरच्या बोटांना कागद लागणारच, त्याशिवाय तो धंदाच नाही. पूर्वी अशी बारीक चीर चोखली की संपली. आता त्याच्या बोटातून रक्ताचा थेंब आला की ती हातातलं काम टाकून यायची, कापूस दाबायची आणि मोजायला लागायची. एक, दोन, तीन. पाचशेपर्यंत जायची, कधी सहाशे. मोजता मोजता तिचे ओठ कोरडे पडायचे. तो दुसऱ्या हाताने बिडाचं वजन उचलून पुठ्ठ्यावर ठेवायचा आणि म्हणायचा, "थांबेल गं, कुठे जातंय." महिन्यातून एकदा इस्पितळात जाऊन रक्त तपासायचं, तिथे एक आकडा सांगायचे, त्याप्रमाणे गोळी कमीजास्त व्हायची. पण तो आकडा तिला परका वाटायचा. तिचा विश्वास होता आपल्या मोजण्यावर.

अशी सहा वर्षं गेली, आणि एक दिवस व्यायामशिक्षक दुकानात आले.

हे गृहस्थ शाळेतून निवृत्त झालेले. पाठ ताठ, आवाज मैदानावरचा. त्यांनी पुस्तक लिहिलं होतं: चाळीस दिवस चुलीवर काहीही न शिजवता राहायचं, सगळं कच्चं खायचं. पाचशे प्रती बांधायच्या होत्या. नऊ फर्म्यांचं पुस्तक. फर्मा म्हणजे सोळा पानं एकाच मोठ्या तावावर छापलेली. त्याच्या घड्या घालायच्या, असे नऊ फर्मे एकावर एक रचायचे, शिवायचे, मग खळ, मग पुठ्ठा. छापखान्यातून फर्म्यांचे गठ्ठे आले. त्यात सातवा पार बिघडलेला. ताव मशीनमध्ये सरकले असणार, कारण प्रत्येक अक्षर दोनदा उमटलं होतं. नुसतं बघितलं तरी डोळे गरगरायचे. बाइंडरने छापखान्यात कळवलं. तिथून उत्तर आलं, "तसला कागद संपलाय, आला की नवा सातवा छापून पाठवतो. बिघडलेले ठेवा तुमच्याकडेच, रद्दीत उपयोगी पडतील."

आणि बाइंडरकडे रद्दीला काय तोटा? रद्दीचा ताव खळ लावताना खाली घ्यायचा, हात पुसायचा, पुठ्ठे गुंडाळायचा, जेवताना टेबलावर अंथरायचा. वाचायचा मात्र नाही. चांगला फर्मा घड्या घालता घालता वाचतात, ही त्या दुकानाची जुनी रीत. भागूबाई मोठ्याने वाचायची, बाइंडर ऐकायचा. असं त्यांनी किती विषय पालथे घातले असतील! मधमाश्या, जमिनीचे कायदे, तीन-चार प्रेमकथा, त्याही कधी शेवट आधी आणि सुरुवात मागाहून, जसा गठ्ठा हाताला लागेल तशा.

तर या पुस्तकाचे सातवा सोडून बाकीचे आठही फर्मे वाचून झाले. अन्नाला आग लागली की त्याचा जीव जातो, असं पहिल्यात होतं. चौथ्यात रक्त शुद्ध कसं होतं ते. आठव्यात रोजच्या खाण्याचे तक्ते: सकाळी पालकाचा रस, दुपारी कोबी, मुळ्याचा पाला, कोथिंबीर मूठभर, मोड आलेली कडधान्यं. नवव्यात ज्यांनी हे चाळीस दिवस पार पाडले, त्यांचे अनुभव. एक बाई सत्तराव्या वर्षी डोंगर चढली होती. बाइंडरच्या हातातला खळीचा ब्रश थांबला.

"मी करणार हे," तो म्हणाला.

"काय करणार?"

"चाळीस दिवस. कच्चं."

"काहीतरीच! तुम्हाला मुळा दिसला की तोंड वाकडं होतं."

"म्हणूनच." त्याने ब्रश खाली ठेवला. "सहा वर्षं झाली, अगं. शिडी नको, पातं नको, सायकल नको. मी पंचावन्न वर्षांचा आहे की पंच्याण्णव? एक गोष्ट तरी करू दे, जी मी ठरवली आणि पुरी केली. यात कुठे चढायचंय? कुठे पडायचंय? यात रक्त कुठून येणार?"

हा शेवटचा प्रश्न बरोबर जागी लागला. भागूबाईने सगळीकडून तपासून पाहिलं. धार नाही. उंची नाही. चाक नाही. पालकाने आजवर कुणाला कापलंय? एकच धोका तिला दिसला, तो चिरण्याचा.

"चिरायचं मी," ती म्हणाली. "सुरीला तुम्ही हात लावायचा नाही."

झालं, दुसऱ्या दिवसापासून पाला सुरू. सकाळी ती बाजारातून हिरव्यागार जुड्या आणायची, धुवायची, बारीक चिरायची. रोज संध्याकाळची गोळी चुकली नाही, हे सांगायला हवं. गोळीच्या बाबतीत दोघंही घड्याळाला मागे टाकतील असे. आक्का आपल्या खोलीत गरम भातावर रस्सा ओतून मुद्दाम दुकानाच्या दारात येऊन जेवायची. "काय रे, आज बकरीने काय खाल्लं?" तो म्हणायचा, "बकरीला कधी इस्पितळात पाहिलंयस?" पहिला आठवडा त्याचं पोट फुगलं, डोकं दुखलं, चहाच्या वासाने तो कासावीस झाला. पण डगमगला नाही. भिंतीवर खडूने रोज एक रेघ ओढायचा आणि चार पावलं मागे जाऊन बघायचा. खरं सांगते, त्या रेघेकडे बघताना त्याचा चेहरा असा व्हायचा की आक्काचीसुद्धा थट्टा घशातच राहायची.

नवव्या दिवशी त्याच्या बोटाला कागद लागला. भागूबाई कापूस घेऊन धावली, दाबला, मोजायला लागली. एकशेऐंशीला तिने सवयीने कापूस जरासा उचलून पाहिला, आणि रक्त थांबलेलं! तिला वाटलं, मोजण्यात चुकले. पंधराव्या दिवशी परत लागला. एकशेदहा. अठराव्या दिवशी तर नव्वदच्याही आत. तिथेच, त्या खळीच्या वासात, ती स्टुलावर बसली आणि रडायलाच लागली. सहा वर्षांचं रडू होतं ते.

"अगं, काय झालं?"

"थांबलं," ती म्हणाली. "अहो, पूर्वीसारखं थांबलं."

"चौथा फर्मा," तो छाती पुढे काढून म्हणाला. "रक्त शुद्ध होतंय. सांगत होतो की नाही?"

त्याच आठवड्यात रक्त तपासायची तारीख होती. तो म्हणाला, आता मधेच कशाला, चाळीस पुरे झाले की जाऊ, आकडा बघून डॉक्टरीणबाईंनी तोंडात बोटं घातली पाहिजेत. इतर वेळी तिने त्याला हाताला धरून ओढत नेलं असतं. त्या दिवशी ती "बरं" म्हणाली. सुतावरून स्वर्ग गाठणं म्हणतात ते हेच. तिच्या हातात नव्वदचा आकडा होता, तिला दुसरा नको होता. जन्मात पहिल्यांदा ती घाबरण्यातून सुट्टीवर गेली होती, आणि सुट्टी किती गोड असते हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. एकदा तर तिने रस्ता एकटीने ओलांडला.

त्यामुळे बाकीचं तिला दिसलं नाही. तो जिन्याच्या मधल्या पायरीवर थांबून चपलेचा अंगठा बघायचा. उशाला दोन उश्या घ्यायला लागला होता, मान दुखते म्हणाला. दुपारी शीळ घालत पुठ्ठे मापायची त्याची सवय होती, ती शीळ बंद झाली होती. आणि ती टिकटिक? ती तर सहा वर्षं कानाशी होती. रोजचा आवाज माणूस ऐकत नाही. तिचं लक्ष रक्तावर, तेही बाहेर येणाऱ्या.

चोविसावा दिवस. दुपारची वेळ. टेबलावर रद्दीचा ताव अंथरलेला, त्यावर त्याचं ताट. त्याने जेमतेम अर्धं खाल्लं आणि हात धुवायला मागे गेला. तिने ताट उचललं. पाल्याचं पाणी गळून तावाचा मधला भाग ओला झाला होता. ती तो चुरगळून टाकणार, इतक्यात त्या गरगरत्या दुहेरी अक्षरांतून एक शब्द तिच्याकडे बघत असल्यासारखा वर आला. गर्दीत आपलं नाव कुणी हळू घेतलं तरी कानाला कळतं ना, तसा. तो शब्द होता झडप.

तिने ताट खाली ठेवलं. ताव दोन्ही हातांनी सरळ केला. एक डोळा मिटला, म्हणजे अक्षरं जरा जागेवर येतात. सातवा फर्मा होता तो. वर ठळक छापलं होतं, "हा प्रयोग कोणी करू नये". आणि खाली तिसऱ्या ओळीत: "ज्यांच्या हृदयाची झडप बदललेली आहे व जे रक्त पातळ ठेवण्याची गोळी घेतात, त्यांनी हा प्रयोग मुळीच करू नये. हिरव्या पाल्याने गोळीचा जोर मोडतो. रक्त झडपेवर गोठू शकते व जिवावर बेतू शकते."

तिने ते तीनदा वाचलं. व्यायामशिक्षकांनी लिहिलं होतं, व्यवस्थित लिहिलं होतं. गेले चोवीस दिवस ते या दुकानात, या टेबलावर, त्याच्या ताटाखाली पडून होतं. खळीने माखलेल्या, हात पुसलेल्या, चुरगळून फेकलेल्या किती तावांवर ते असेल! आणि पाला चिरला कुणी? तिने. बारीक चिरला, म्हणजे त्याला चावायला त्रास नको. एकशेऐंशी, एकशेदहा, नव्वद. ज्या आकड्यांवर ती आनंदाने रडली होती, ते आकडे तिला सांगत होते की गोळी हरते आहे.  

तो मागच्या दारातून आला. दोनच पायऱ्या होत्या तिथे. दुसऱ्या पायरीवर त्याने चौकटीला हात लावला.

"बसा," ती म्हणाली.

"काय गं?"

"बसा म्हणते ना! शर्टाची बटणं काढा."

तिच्या आवाजात काय होतं कोण जाणे, तो मुकाट्याने बसला. तिने त्याच्या छातीवरच्या त्या उभ्या वणावर कान टेकवला. दुकानात दुसरा आवाज नव्हता. घड्याळ कपड्यांच्या कपाटात ठेवून दार लावलं की जसं ऐकू येतं, तसा आवाज येत होता. त्यातला टिक् गेला होता. नुसती दबकी धडधड उरली होती, आणि तीही मधेच अडखळत होती.

आक्का दारात आली. "काय चाललंय भरदुपारी?"

"यांना इस्पितळात न्यायचंय. आत्ता."

"आता गं बाई! कच्चं खाऊन वारा धरला असेल पोटात. ओवा दे थोडा. तू म्हणजे ना, भागूबाई, राईचा पर्वत..."

"आक्का, गप्प बसा!"

तीस वर्षांत ती नणंदेला असं बोलली नव्हती. आक्का दारातून बाजूला झाली. भागूबाई तोवर रस्त्यावर गेलीसुद्धा होती. दोन्ही हात पसरून भर रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. एक टॅक्सी तिच्या गुडघ्यांपासून वीतभर अंतरावर करकचून थांबली. ड्रायव्हर शिव्या द्यायला तोंड काढतो तो तिने मागचं दार उघडलेलंही होतं. "थांबा इथेच. माझ्या नवऱ्याला आणते." घाबरत नव्हती असं नाही. दात वाजत होते. पण दात वाजले म्हणून पाय चालायचे राहत नाहीत, हे तिला त्या दिवशी समजलं. ओला ताव तिने घडी घालून बरोबर घेतला, चारदा घडी, बोटाने दाबून, अगदी कामाच्या सवयीने.

इस्पितळात रक्त काढलं, छातीवर यंत्र फिरवून पडद्यावर झडप पाहिली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला मोजक्या. त्यांनी ताव वाचला, एक डोळा मिटून, आणि परत दिला. "आकडा तीनच्या आसपास हवा होता. सव्वा आहे. गोळी नुसती नावाला चाललीय. झडपेच्या एका पाकळीवर गाठ धरलीय रक्ताची." मग त्या पलंगाकडे वळल्या. "दम कधीपासून लागतोय?"

"आजच," बाइंडर म्हणाला. "सकाळपासून. थोडासा."

"नीट आठवून सांगा. गाठ किती जुनी त्यावर औषध ठरतं. ताजी असेल तर सलाइनमधून विरघळेल. जुनी असेल तर तेच औषध घातक ठरेल, दुसरा मार्ग शोधावा लागेल, कदाचित छातीही पुन्हा उघडावी लागेल."

"आजच," तो पुन्हा म्हणाला, आणि अंगठ्याने चादरीची कड दाबत दाबत सरळ करू लागला.

भागूबाईचं लक्ष त्या अंगठ्यावर गेलं. गिऱ्हाईक दारात उभं असलं, काम तयार नसलं आणि "परवा नक्की" म्हणायचं असलं की तो अगदी असाच समोरच्या पुठ्ठ्याची कड अंगठ्याने सरळ करायचा. खोटं बोलत होता तो. जिवावर बेतलं होतं आणि हा माणूस खोटं बोलत होता! कुणासाठी? डॉक्टरीणबाईंना फसवून याला काय मिळणार? तिने वर पाहिलं. तो डॉक्टरीणबाईंकडे बघतच नव्हता, तिच्याकडे बघत होता. तिच्या थरथरणाऱ्या हनुवटीकडे.

तेव्हा तिला सगळं एकदम कळलं. जिन्यातलं थांबणं, दुसरी उशी, बंद झालेली शीळ. त्याने सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर ती घाबरली असती. सहा वर्षं तिने भीतीने त्याला जपलं, आणि त्या भीतीनेच त्याचं तोंड बांधून ठेवलं होतं.

त्याला डोळ्यांआड करणं ही तिच्यासाठी जगातली सगळ्यात कठीण गोष्ट होती, आज तर विचारूच नका. मागे वळून पाहीपर्यंत काही झालं तर? मी नसताना तो थांबला तर? तरी तिने त्याचा हात सोडला.

"मी बाहेर बसते," ती म्हणाली. "तुम्ही यांच्याशी बोला."

"तू कुठे चाललीस?"

"बाहेर. दार लावून घेते."

बाहेर एक बाक होता. ती बसली नाही. भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि समोरच्या दाराच्या मुठीचा पितळी गोळा बघत राहिली. आत दोन माणसं बोलत होती, शब्द कळत नव्हते. त्याचा आवाज बराच वेळ चालला. इतकं काय सांगत होता? आजवर तिला कधी इतकं सलग बोलून दाखवलं नव्हतं त्याने. तिला रडायला येत होतं, रागही येत होता, त्याचा, स्वतःचा, सातव्या फर्म्याचा, त्या मेल्या पालकाचा.

दार उघडलं. "अकरा दिवस," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दोनदा डाव्या हाताची बोटं बधिर झाली होती. बरं झालं सांगितलं त्यांनी. नाहीतर मी ते औषध दिलं असतं आणि गाठीचा तुकडा मेंदूत गेला असता. आता सावकाश जाऊ, दुसरं औषध, थेंबाथेंबाने. आजचा आणि उद्याचा दिवस जड आहे, खोटं सांगणार नाही."

तो वाचला, हे इथेच सांगून टाकते, उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. पाचव्या दिवशी पाकळी हलायला लागली. पण भागूबाईला त्या घडीला हे ठाऊक नव्हतं, आणि गोष्ट त्या घडीची आहे.

ती आत गेली. हाताला सलाइन लावलेलं, चेहरा मेणासारखा. तिला बघून तो हसायचा प्रयत्न करू लागला.

"अकरा दिवस," ती म्हणाली.

"तू घाबरली असतीस."

"घाबरलेच असते! मी कुत्र्याला घाबरते, लिफ्टला घाबरते, कुकरला घाबरते. तीस वर्षं घाबरतेय, मेले का? माझ्या घाबरण्याला तुम्ही कशाला घाबरायचं?"

 सलाइनचा एक थेंब पडला, मग दुसरा. तिने स्टूल ओढलं आणि त्याच्या मोकळ्या हाताची बोटं आपल्या मुठीत घेतली.

"सांगा आता. त्यांना सांगितलंत ते सगळं. पहिल्या दिवसापासून."

तो सांगू लागला. जिन्यात पहिल्यांदा डोळ्यांपुढे अंधारी आली ते सांगितलं. ब्रश हातातून गळून पडला आणि तो बोटांना कळलाच नाही, ते सांगितलं. रेघांकडे बघून वाटायचं, आता थांबलो तर सगळे म्हणतील, याच्याकडून तेवढंही झालं नाही, हे सांगितलं. ती ऐकत होती आणि तिचं अंग इतकं थरथरत होतं की स्टुलाचे पाय फरशीवर वाजत होते. पण तिने त्याला एकदाही अडवलं नाही. शेवटी तो थांबला. 

"मला भीती वाटतेय गं," तो म्हणाला. "खूप."

तीस वर्षांत हे वाक्य तिने त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. तिने स्टूल आणखी जवळ घेतलं.

"वाटू दे," ती म्हणाली. "मी आहे ना. मला त्याची सवय आहे."